रिकामा रकाना

पंचवटीत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत
माझा स्कॅनर आहे.
रोज दहाला नीळकंठगुरुजी
लाल फडक्यातली एक वही सोडतात
आणि माझ्यापुढे ठेवताना
अजूनही क्षणभर हात आखडतो त्यांचा.

लांबट वही, मोडी अक्षर, कडेने वाळवी.
कोण कुठल्या गावचा, कुणाचा कोण,
कुणाच्या अस्थी घेऊन कधी आला.
खाली सही. सही येत नसेल
तर नांगर. क्वचित कट्यार.

मी ग्रंथालयशास्त्र शिकले.
माहिती म्हणजे अर्थ लावलेली नोंद, असं लिहून
दहापैकी आठ मिळवले.
अर्थ लावला कुणी,
हे पेपरात विचारलं नव्हतं.

सॉफ्टवेअर पुण्याचं. त्याला रिकामी जागा सोसत नाही.
'आईचे नाव' : शेजारी तांबडी चांदणी.
वहीत आई नाही.
वहीत आहे, रामजीस पुत्र तीन, कन्या दोन.
पुत्रांची नावं पुढे ओळीनं.
कन्यांना आकडा पुरला.
पलीकडच्या टेबलावर हर्षल सरळ टिंब टाकतो
आणि पान उलटतो.
संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे
टिंब नावाच्या चारशे आया जमतात.

गुरुजींना विचारलं.
"आजोबांनी विचारलंच नसेल," म्हणाले,
मग बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
खायला कुणी नव्हतं.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत,
मी माझंच आडनाव टाकलं. निकाळे.
शून्य निकाल.
खाली नम्रपणे :
तुम्हाला 'निकम' म्हणायचं आहे का?

माझ्या खापरपणज्याला या घाटाची पायरी बंद होती.
त्याचं जे काय उरलं
ते खालच्या अंगाला सोडलं असणार, जिथे
पाणी होतं, वही नव्हती.

शून्य म्हणजे मोजलं, आणि काही निघालं नाही.
रिकामं म्हणजे
मोजायला कुणी आलंच नाही.
पडद्यावर दोन्ही सारखंच पांढरं.
हा फरक कुणी सांभाळायचा?
तत्त्वज्ञानाच्या विभागाला विचारलं असतं,
पण आमच्या कॉलेजात तो
विद्यार्थी मिळेनात म्हणून बंद झाला.
त्या खोलीत आता झेरॉक्स आहे.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले, गंगापूर रोडचे.
गाव, कूळ, आडनाव, एवढी यादी हवी होती.
"मॅडम, हे सगळं जुनंच तर आहे."
मेलेल्यांच्या त्या वहीत
कोण कोण अजून मतदार आहे,
हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.
गुरुजी म्हणाले, "वही ज्याची त्यालाच दाखवायची."
दार लागलं.
मला बरं वाटलं. आणि लगेच
कसंसंच झालं,
कारण दार तेच होतं,
फक्त या वेळी मी आतल्या बाजूला.

परतताना घाटावर थांबले.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी होतं.
उद्या कमरेला, परवा छातीला लागेल
आणि अख्खं गाव वाचेल,
फुलवाली, पोलीस, शाळा बुडवून आलेली पोरं.
तो कुणालाच विचारत नाही, तू कुठल्या कुळाचा.
तो सांगतो सगळ्यांना
आणि पाहणाऱ्याचं नाव टिपून घेत नाही.

पुण्याला फोन केला.
तिसरा पर्याय हवा, म्हटलं : 'विचारले नाही.'
पलीकडचा मुलगा म्हणाला,
"असं कुणी मागितलं नव्हतं आजवर."
चौदा दिवसांनी आला. अगदी बारीक टायपात.

हर्षल कुरकुरत मागे गेला,
एकेक टिंब खोडत.
दीडशेच्या पुढे कुठेतरी थांबला.
"ताई, हिचं आहे. समासात. वेगळ्या शाईत."

गुरुजींनी भिंग आणलं.
"यमी. किंवा यशी.
मधलं अक्षर वाळवीनं नेलं."

दुकान बंद व्हायची वेळ झाली होती,
खाली पातेल्यात पातेली जात होती,
आणि आम्ही तिघं
त्या एका भोकावर वाकलेले.